मोजून दिलेलं पिल्लू

परवा चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून हळद शिजल्याचा वास आला. डब्यातल्या हळदीच्या वासावरून या वासाची कल्पना येत नाही. हा ओला असतो, उग्र असतो, त्यात माती असते आणि वाळलेल्या पाल्याचा धूर असतो. फाल्गुन लागला की आमच्या कुरुंद्याकडच्या गावांत तो येतो आणि पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. केसांत बसतो, धुतलेल्या कपड्यांत बसतो. पोरं हात धुऊन शाळेत येतात तरी वह्यांवर पिवळी बोटं उमटतातच. माझं माहेर कापसाच्या गावचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासरच्या माणसांच्या आधी मला हा वास आवडला होता, हे मी आमच्या मालकांना अजून सांगितलेलं नाही.

गेली तीन वर्षं मात्र वास आला की मी खिडकी लावून घेते. पोरांना वाटतं, बाईंना धूर सोसत नाही. वाटू दे. कारण सांगायचं तर एका कुत्र्याच्या पिल्लापासून सांगावं लागेल, आणि त्यात बाईंची अब्रू जाते.

आमच्या घरी चिमी नावाची एक बुटकी, केसाळ कुत्री होती. मुलगा नांदेडला शिकायला होता, तिथून एका सुट्टीत तो तिला पिशवीत घालून घेऊन आला. अर्धी पामेरियन आहे म्हणाला. उरलेली अर्धी कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं. मुलगा पुढं पुण्याला गेला, चिमी माझ्या गळ्यात पडली. तिला सोफ्यावर बसायची सवय आणि गावातल्या एका पिवळ्या, कान फाटक्या कुत्र्याला आमच्या फाटकापाशी बसायची सवय. व्हायचं ते झालं. ऐन हळदीच्या दिवसांत, कापून टाकलेल्या पाल्याच्या ढिगात, चिमीनं चार पिल्लं घातली. नंतर तिला नेऊन ऑपरेशन करून आणलं. ते आधी सुचलं नाही. शहाणपण आमच्याकडे नेहमी पावलं वाजवत मागून येतं.

पाल्यातली ती चार पिल्लं मला आजही डोळ्यांपुढं दिसतात. डोळे न उघडलेली, तोंडं पिवळी झालेली, एकमेकांच्या अंगावर चढून चिमीला लुचणारी. पोटं अशी टम्म की सरपटताना जमिनीला घासायची. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी ढिगाकडं जायची. तळहातावर घेतलं की पिल्लाचं काळीज बोटांना लागायचं. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी त्यांच्यावर माया करत होते. माया करणाऱ्या माणसाच्या हातून पुढचं सगळं झालं, हेच तर सलतं.

शिजवलेली हळद खळ्यावर पसरली की पंधरा दिवस ती देवासारखी सांभाळायची असते. कारण ती देवाकडंच जाते. कुंकवात जाते, भंडाऱ्यात जाते. तिच्यावर पाय द्यायचा नाही, चप्पल तर नाहीच. आमच्या चार पिल्लांना हे कोण सांगणार? ती महिन्याची झाली आणि पहिल्या वाफेची हळद ताडपत्रीवर पडली, तेव्हा चौघंही तिच्यात लोळली आणि त्यातल्या दोघांनी तिथंच कार्यक्रम उरकला. मालक फार बोलणारे नाहीत. फावड्यानं तेवढी हळद बाजूला काढली आणि म्हणाले, "आठ दिवसांत ह्येंची सोय लाव. न्हाईतर मी नेऊन सोडतो."

सोडणं म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुत्र्याची पिल्लं पोत्यात घालून लांबच्या गावच्या बाजारात सोडतात. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, एकही पिल्लू सोडू देणार नाही, चौघांना घर बघून देईन. या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

दोन गडी पिल्लं दोन दिवसांत गेली. हळदीच्या दिवसांत राखणीला कुत्रं सगळ्यांनाच हवं असतं. येणारा माणूस पिल्लाची मानगूट धरून उचलायचा. केकाटलं नाही तर चांगलं. मग शेपटीखाली बघायचा. मग पायांची नखं मोजायचा. अठरा नखं तर सगळ्याच कुत्र्यांना असतात. मागच्या पायांना वरच्या अंगाला एकेक जास्तीचं नख असलं तर ते वीस नखी. माणसाला जे दिसत नाही ते वीस नखीला दिसतं, असं आमच्याकडे मानतात. त्या दोघांत वीस नखी एकही नव्हता, पण गडी होते म्हणून गेले. राहिल्या दोघी. लोक शेपटीखाली बघायचे आणि पिल्लू खाली ठेवायचे. तोंडानं म्हणायचे, "बघू, मंग येतो," एवढंच.

शाळेत 'मुलगी शिकली' वगैरे भिंतीवर मीच रंगवून घेतलंय. घरी आल्यावर मीही त्या दोघींकडं 'राहिलेल्या' म्हणूनच बघू लागले होते.

काळी होती ती मी आखाडा बाळापूरला नणंदेकडं दिली. नणंदबाईंना कुत्र्याचं वेड नाही, घर तर अगदी रस्त्याला लागून. पण भावाच्या घरून आलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म, आणि मला तो पक्का ठाऊक. मी पिल्लाच्या गळ्यात लाल गोफ बांधला, सोबत ओल्या हळदीचं लोणचं दिलं. त्यांनी दोन्ही पदरात घेतलं. पंधरा दिवसांत पिल्लू ट्रकखाली गेलं. फोनवर त्या रडत होत्या आणि मी म्हणत होते, "असं कसं ताई, जरा लक्ष ठेवायचं ना." हे वाक्य मी खरंच म्हणाले. माझ्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

पण हे पंधरा दिवसांनंतरचं. त्याआधी, मालकांनी दिलेल्या आठ दिवसांतला सातवा दिवस उजाडला तेव्हा शेवटचं पिल्लू घरातच होतं. मातकट रंगाचं, चौघांत लहान, एक कान उभा आणि एक पडका. तिला कुणी दुसऱ्यांदा उचलूनही बघितलं नव्हतं.

आमच्या घरापासून शाळेच्या वाटेवर एक मोठं खळं आहे. चार-पाच घरांची हळद तिथं वाळत पडते आणि माणिकमामा राखण करतात. मामा तेव्हा सत्तरीला टेकलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं ते बिघडलं, दुसऱ्याला ते हात लावू देईनात. उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्यांचं जुनं कुत्रं दिवाळीत मेलं होतं. त्याआधीच्या हंगामात खळ्यावरून दोन पोती हळद गेली होती, तेव्हापासून हळदवाले कुजबुजू लागले होते की आता डोळस माणूस बघावा. मामांना दुसरं काम नव्हतं आणि खळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीशिवाय दुसरं घर नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "एक कुत्रं बघा. गडी पायजे, अन् वीस नखी. माझे डोळे गेले, तवा त्याचे तरी पक्के पायजेत."

मलाही सांगितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा.

सातव्या दिवशी सकाळी मी पिल्लू जुन्या टॉवेलात गुंडाळलं, स्कूटीच्या पुढ्यात ठेवलं आणि खळ्यापाशी थांबले. मनाशी काही ठरवलं होतं का? आठवत नाही असं म्हणायची सोय होती, पण ठरवलं होतं. शाळेची वेळ झाली असताना गेले, म्हणजे थांबावं लागणार नाही.

"मामा, कुत्रं आणलंय तुम्हाला."

"कोन, बाई व्हय?" ते उठले, हात पुढं केले. "गडी हाय का?"

"हो."

"अन् नखं?"

"वीस."

"मोजली का तुमी?"

"मोजली ना मामा. दोनदा मोजली."

दोनदा! कुणी विचारलं होतं दोनदा का एकदा? खोटं बोलणाऱ्या पोराला मी वर्गात याच खुणेवरून पकडते. जे विचारलं नाही ते सांगायला लागलं की समजावं. मामांनी टॉवेलासकट पिल्लू छातीशी घेतलं आणि म्हणाले, "लई उपकार झाले, बाई. तुमी मोजलंय म्हणल्यावर मला काय बघायचंय." मी "उशीर झाला" म्हणून स्कूटी चालू केली. आरशात दिसलं, ते टॉवेल सोडून बघत नव्हते, नुसते उभे होते.

त्या दिवशी वर्गात मी बेरजा घेतल्या, आणि सुखानं घेतल्या. चार पिल्लं, चार घरं. आंधळ्या माणसाला काय कळतंय, असा विचार मी शब्दांत केला नव्हता. पण शब्दांशिवाय केलेल्या विचारालाही वजन असतंच.

दोन दिवसांनी खळ्यावरून जाताना मामा हळद निवडत बसलेले दिसले. मी हे दृश्य वर्षानुवर्षं बघत आले होते आणि कधी बघितलं नव्हतं. गड्डे एकीकडं, कांड्या एकीकडं, किडकी तिसरीकडं. हात ढिगात जायचा, बोटं क्षणभर थांबायची आणि कांडी आपल्या जागी पडायची. एक कांडी त्यांनी मोडली, मोडल्याचा आवाज ऐकला आणि शेजारच्या बाईला म्हणाले, "हिला आजून दोन दिस ऊन लागंल." मोडलेल्या कांडीच्या पोटातली ओल ज्याला बोटांनी कळते, त्याला मी सांगितलं होतं की हे पिल्लू गडी आहे. ज्या हातांनी तो टॉवेल धरला होता त्याच हातांना मी फसवायला निघाले होते. कान तापले माझे. त्यांना कळलं असणार. मी वळणावर पोचायच्या आधीच कळलं असणार.

स्कूटी थांबवून उतरावं, पाय धरावेत, असं मनात आलं. तेवढ्यात मामांनी हाक मारली, "ए वाघ्या! वाघ्याऽऽ!" आणि ढिगामागून ती दुडदुडत आली, एक कान उभा, एक पडका.

पोती उचलायला आलेला एक जण हसला. "मामा, वाघ्या काहून म्हणून राहिले? ही तर मुरळी हाय!"

बाकीचेही हसले. मामा शांतपणे म्हणाले, "गडी हाय. वीस नखी. बाईंनी मोजून दिलंय."

"अवो मामा, हात लावून तर बघा."

"बाईंनी मोजलंय म्हणलं ना," मामा म्हणाले आणि पुन्हा हळदीत हात घातला.

त्या हसण्याचा आवाज मी विसरू शकत नाही. ते मामांना हसत होते. म्हाताऱ्याचे डोळे गेले ते गेलेच, आता डोकंही चाललं, असं हसत होते. हसण्यासारखी जी व्यक्ती होती ती दहा पावलांवर, हेल्मेट घालून उभी होती. मी उतरले नाही. स्कूटी वळवली.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला कालव्याच्या कडेनं जाऊ लागले. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याचा कालवा आमच्या शिवारातून जातो, त्याच्या कच्च्या रस्त्यानं दोन किलोमीटर जास्त पडतात. मालकांनी विचारलं तर सांगितलं, तिकडं गार वाटतं. चैत्रात, मुरमाच्या रस्त्यावर, गार! कालव्याच्या काठानं बगळे असायचे, गव्हाची धसकटं असायची, आणि वारा खळ्याकडून असला तर मागून बारीकशी हाक यायची, वाघ्याऽऽ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना अर्थासकट पाठ करून घेतलेली आहे. त्या रस्त्यावर ती मला एकटीला पाठ व्हायची.

माणूस चूक का कबूल करत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. शिक्षा होईल म्हणून नाही. मामा मला काय शिक्षा करणार होते? मला वाटतं, चूक कबूल केली की आपण आजवर आपल्याला जे समजत आलो ते सोडावं लागतं, आणि तेच जड जातं. मी म्हणजे खरं बोलणारी बाई. तीस वर्षांची कमाई ती. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज संध्याकाळी वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता कशाला उकरायचं. असे तीन हंगाम गेले.

वाघ्या मात्र राखणीला पक्की निघाली. गुडघ्याएवढीच वाढली, पण पाचोळा वाजला तरी खळं डोक्यावर घ्यायची. तीन वर्षांत एक पोतं गेलं नाही. मामांची खोली राहिली, काम राहिलं. हे ऐकून मला बरं वाटावं ना? वाटायचं, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटायची. शेवट गोड झाला म्हणून खोटं गोड होत नाही. आणि गोड तरी कुठं? गावात मामांचं नाव निघालं की लोक अजून डोळा मारायचे. "मामाचा गडी काय म्हणतो?" एवढं विचारलं की पाराभोवती हशा.

परवा वास आला, मी खिडकी लावायला उठले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, वाघ्यानं दिलेली पिल्लं मामा आता वाटून राहिले!"

सगळा वर्ग खिदळला. एक जण म्हणाला, "गडी कुत्र्यानं कशी काय दिली, बाई?" पुन्हा हशा. मग पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी, जिला सगळं नीट विचारायची सवय मीच लावली आहे, उभी राहून म्हणाली, "मामा म्हणतेत, बाईंनी मोजून दिलंय. खरंच तुमी मोजलं होतं का, बाई?"

मी म्हणाले, "पुस्तकं काढा."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कालव्याकडं वळले नाही. खळ्यापाशी उतरले. ऊन कलत होतं, ताडपत्र्यांवर हळद पसरली होती, पलीकडं हळद शिजवायच्या कुकरची वाफ निघत होती. मामा खोलीच्या सावलीला बसले होते. पुढं पाटीत पाच पिल्लं आणि शेजारी वाघ्या. समोर एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता. सिद्धेश्वर धरणाकडं त्याचं शेत होतं, पिल्लू न्यायला आला होता. मामा त्याला एकेक पिल्लू हातात देत सांगत होते, "ही मादी हाय. ह्येचा कान पडका हाय, आईवर गेलाय. ह्ये गडी हाय, पर भित्रं हाय. अठरा नखीच हायत सारी. सांगून देतो, मंग तकलीफ नको."

वाघ्या माझ्याकडं बघून भुंकली नाही, शेपूट हलवत आली. तिला मी आठवत असेन, असं काही नाही. तिचा स्वभावच तसा असेल.

"कोन हाय?" मामांनी विचारलं.

"मी, मामा."

"या बाई. बसा."

तो माणूस मादी पिल्लू हातात घेऊन म्हणाला, "आई कुठून आणलेली हाय?"

"बाईंनी दिलेली हाय," मामा म्हणाले आणि पुढच्या पिल्लाकडं हात नेला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि तीन वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हणाले, "मी खोटं बोलून दिली होती ती. मामांना गडी हवा होता, वीस नखी हवा होता. मी नखं मोजलीसुद्धा नव्हती. मला फक्त ती घरातून काढायची होती. मामांना दिसत नाही म्हणून मी त्यांना फसवलं."

त्या माणसानं पिल्लू उपरण्यात घेतलं, मामांना रामराम केला, मला केला नाही, आणि निघून गेला. मला मात्र हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. आता मामा म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं गेलं. मी त्या वाक्याची वाट बघत बसले.

मामांचा चेहरा उतरला होता. ते पाटीतल्या पिल्लांवरून हात फिरवत राहिले.

"परक्या मानसापुढं काहून सांगितलं, बाई?"

"मामा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"त्याच दिशी. टावेल सोडायच्या आदी."

"मग तीन वर्षं तुम्ही... लोक हसत होते तुम्हाला."

"हसू द्या की. आंधळ्याला हसलं तर काय बिघडतंय. मला दिसत न्हाई, ह्ये समद्यायला ठावं हाय." त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "पर तुमच्याकडं गावाची लेकरं शिकून राहिलीत, बाई. बाई खोटं बोलल्या म्हणल्यावर लेकरायनं ऐकायचं कुनाचं? म्हाताऱ्याचंच डोकं फिरलं म्हणत होते लोक, झाकली मूठ होती. तो मानूस आता बाजारात सांगंल."

ते रागानं म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मी सोसलं असतं. आपण नीट रचून ठेवलेलं काहीतरी दुसऱ्यानं पाय लागून पाडावं, तसा त्यांचा आवाज होता. तीन वर्षं त्यांनी स्वतःचं हसू करून घेऊन जे राखलं, ते मी माझं मन हलकं करायला दोन मिनिटांत उधळून टाकलं होतं. त्यांना एकट्याला गाठून सांगता आलं असतं. तेवढं थांबणंही मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून मी हजेरी घेतली. नाव घेतलं की पोर उठून म्हणायचं, "हजर, बाई." एकतीस वेळा म्हटलं त्यांनी. मी एकदाही वर बघितलं नाही.